खेळाचा हॉल आणि लग्नाचा मांडव : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वरळीच्या सरदार वल्लभभाई पटेल स्टेडियमवरील माझ्या लेखावर आपण परभणीहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवली, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की १९५७ साली खेळांसाठी उभ्या राहिलेल्या त्या घुमटाकार वास्तूत पुढे प्रदर्शने आली, गाण्याचे कार्यक्रम आले, २०२० मध्ये कोविडच्या रुग्णांच्या खाटाही आल्या आणि या साऱ्याचे मी कौतुक केले. अशा कौतुकामुळेच जिल्ह्याच्या ठिकाणचा बॅडमिंटन हॉल लग्नाला देणाऱ्यांना आयते निमित्त मिळते. नांदेडात बसून मुंबईच्या घुमटाची थोरवी गाणाऱ्याने घराजवळच्या हॉलचे कुलूप कधी पाहिले आहे काय, असेही आपण विचारले आहे. तो टोला मला लागला, हे आधीच कबूल करतो.

मूळ मुद्द्यावर मात्र माझे मत कायम आहे. बंदिस्त क्रीडागृह निव्वळ खेळावर तगल्याची उदाहरणे थोडी. लंडनमध्ये वेम्बलीचा ‘एम्पायर पूल’ १९३४ मध्ये पोहण्याच्या स्पर्धांसाठी बांधला गेला. १९४८ च्या ऑलिम्पिकनंतर तिथे पोहण्याची स्पर्धा झालीच नाही, तरी नाव तलावाचेच ठेवून ती वास्तू बर्फावरची हॉकी, मुष्टियुद्ध आणि संगीत यांवर जगली. आपल्या आक्षेपाला याहून जवळचे उदाहरण टोकियोच्या निप्पॉन बुदोकानचे आहे. १९६४ च्या ऑलिम्पिकमधील जुदोसाठी बांधलेल्या या सभागृहात १९६६ साली बीटल्स या इंग्रज गायकवृंदाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा हा युद्धकलांचा अपमान आहे, असे म्हणत आपल्यासारखेच लोक तिथे रागावले होते. कार्यक्रम झाला आणि पुढेही असे पुष्कळ झाले. पण केंदोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारीने खेळायच्या जपानी युद्धकलेच्या, राष्ट्रीय स्पर्धाही तिथेच होत राहिल्या, दरवर्षी १५ ऑगस्टला युद्धात मृत्यू पावलेल्यांचा स्मृतिसमारंभ होत राहिला, आणि २०२१ मध्ये ऑलिम्पिकचा जुदो पुन्हा त्याच छताखाली आला. गाणे येऊनही खेळाची जागा तिथे गेली नाही.

आपल्याकडे ती जाते, हे आपले म्हणणे खरे आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्याच एका गावी मी असा हॉल लग्नानंतर पाहिला. लाकडी जमिनीखाली पट्ट्या ठोकून पोकळी ठेवलेली असते आणि उडी मारून खाली येणाऱ्या खेळाडूच्या गुडघ्याला बसणारा हिसका ही रचनाच बराचसा सोसते. त्या जमिनीवरून मांडववाल्यांनी लोखंडी सांगाडे फरफटत नेले होते, त्याचे पांढरे ओरखडे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिसत होते. कोपऱ्यात पाण्याच्या जारची तोटी रात्रभर ठिबकत राहिली होती. लाकूड पाणी प्यायले आणि तिसऱ्या दिवशी दोन फळ्या तव्यावरच्या पापडासारख्या उचलल्या. दुरुस्ती झाली नाही. मुलांनी तिथे एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि तिला चुकवून खेळायला सुरुवात केली. भाडे किती आले, ते मला कोणी सांगितले नाही.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे आणि ती मला जमिनीहून मोठी वाटते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वाऱ्याने बॅडमिंटनचे फूल भरकटते म्हणून खेळताना पंखे बंद ठेवावे लागतात, आणि पत्र्याच्या छताखाली सकाळी दहानंतर उभे राहवत नाही. म्हणजे दुपारभर हॉल रिकामाच असतो, तेव्हा तो दुसऱ्या कामाला दिला तर माझी तक्रार नाही. पण उन्हाळी शिबिरांचे दिवस तेच लग्नसराईचे, आणि लोकसभेच्या वर्षी तेच निवडणुकीचे. २०२४ मध्ये आपल्या परभणीत २६ एप्रिलला मतदान झाले आणि मतमोजणी ४ जूनला. मधले ३९ दिवस मतदानयंत्रे कुलपाबंद. अशा कामासाठी क्रीडागृह घेतले गेले, की मुलांची सबंध सुट्टी त्यात जाते. म्हणून भाड्याच्या दराआधी महिन्यांचे वेळापत्रक ठरवावे, शिबिराचे आठवडे कोणालाही देऊ नयेत, आणि जमिनीवर जाड आच्छादन टाकल्याशिवाय व अनामत घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये, असे मी म्हणतो. आपण सुचवलेली सरसकट बंदी मला पटत नाही, कारण वीजबिल थकले की त्याच हॉलला कायमचे कुलूप लागते.

शेवटी आपण लिहिता, की मराठवाड्याचे खेळ मातीतले, त्यांना हॉलची गरजच काय. हे आपल्याच पहिल्या मुद्द्याच्या विरुद्ध जाते, आणि आता ते खरेही राहिलेले नाही. जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये, छताखाली आणि मॅटवर झाला. जिंकलेल्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. मातीत सूर मारायला शिकलेल्या मुलीला मॅटवर तोच सूर मारताना कोपर सोलून घ्यावे लागते, पायात वेगळे बूट लागतात, वळण्याचा अंदाज नव्याने बसवावा लागतो. ही सवय धाराशिवच्या किंवा परभणीच्या मुलीने स्पर्धेच्या दिवशी करून कशी चालेल?

वरळीत ‘खेळ आणि गाणे सुखाने नांदले’ हे वाक्य मी घाईने लिहिले होते. खेळाडूंना कोणत्या महिन्यांत बाहेर थांबावे लागले, हे न तपासता ते लिहायला नको होते. आज ते लेखातून काढले आहे आणि आपला कुलपाचा प्रश्न त्या जागी घातला आहे.