डॉनने गोळी झाडलीच पाहिजे का?

गुन्हेगारी कथा लिहिणाऱ्यांना एक सल्ला हमखास दिला जातो: टोळीप्रमुख आणि नायक समोरासमोर आले की डॉनने उघड धमकी द्यावी, दहशत बसवायला आपल्याच एखाद्या माणसाला तिथल्या तिथे उडवावं आणि नायकाने न डगमगता त्याला तोंडावर सुनवावं. तरच म्हणे प्रसंग खरा वाटतो. मला यातलं काहीच पटत नाही.

आधी धमकी. मुरलेला गुन्हेगार शब्द जपून वापरतो, कारण शब्द म्हणजे पुरावा. न्यूयॉर्कचा माफिया डॉन जॉन गॉटी याने हे पाळलं नाही. त्याच्या क्लबच्या वरच्या फ्लॅटमध्ये एफबीआयने मायक्रोफोन लपवले होते आणि तिथे तो खुनांबद्दल मोकळेपणी बोलत बसायचा. १९९२ मध्ये तो दोषी ठरला, त्यात त्याच्या उजव्या हाताच्या साक्षीइतकाच या टेप्सचाही वाटा होता. त्याच शहरातला दुसरा डॉन व्हिन्सेंट जिगांते वर्षानुवर्षं बाथरोब घालून, पुटपुटत, वेडाचं सोंग घेऊन रस्त्यावर फिरायचा. त्याचं नाव उच्चारायलाही माणसांना बंदी होती. त्याऐवजी हनुवटीला हात लावायचा. इटलीतल्या सिसिलीचा माफियाप्रमुख बर्नार्दो प्रोव्हेंझानो याचे हुकूम टाइप केलेल्या चिठ्ठ्यांतून जात, आणि त्यांत देवाचे आशीर्वादही असत! असा माणूस नायकाला भेटला तर विचारपूस करेल. हवं ते दोन दिवसांनी कुणीतरी तिसराच येऊन सांगेल. वाचकाला घाम फुटायला हवा तो इथे.

आपल्याच माणसाला मारणं तर निव्वळ तमाशा. खोलीभर साक्षीदार कशाला तयार करायचे? खून आणि आपण यांच्यात चार माणसं ठेवता येतात, म्हणून तर तो प्रमुख. शिवाय, इतक्या सहज मारणारा हा गृहस्थ नायकालाच का सोडतो, हा प्रश्न उरतोच. गल्लीतली नवखी पोरं असं करतील, ते मान्य.

आता नायकाचं धैर्य. सिसिलीतल्याच पालेर्मो शहराचे उद्योजक लिबेरो ग्रासी यांनी जानेवारी १९९१ मध्ये वर्तमानपत्रात खंडणीखोराला जाहीर पत्र लिहून पैसे द्यायला नकार दिला. ऑगस्टमध्ये त्यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. सुनावण्याची किंमत ही अशी असते. म्हणून संवाद लिहिण्याआधी ठरवा, नायक या क्षणी जिवंत राहण्यात डॉनचा फायदा काय? पैसा कुठे आहे हे त्यालाच माहीत असेल, किंवा कोर्टातली सुनावणी होईपर्यंत त्याचं गायब होणं डॉनलाच महागात पडणार असेल. हे एकदा पक्कं झालं की नायक खुशाल घाबरू दे, पाठ केलेलं वाक्य विसरू दे.

आणि सुनवायचंच असेल तर दोघंच असताना सुनवू दे. एकांतातला अपमान डॉन हिशेब करून गिळू शकतो. हाताखालच्यांदेखत झाला, तर मनात नसलं तरी त्याला काहीतरी करावंच लागतं.