‘मुलाला मुलीचा विग दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम, तुमच्या मुलाचा मूड गेला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन "वन पीस या जपानी कार्टूनमधल्या सांजीचा विग मागितला, पाकिटावर ब्लॉन्ड, म्हणजे सोनेरी, या शब्दाच्या शेवटी ई, म्हणजे मुलीचा विग गळ्यात मारला" असं सगळ्यांसमोर लिहिलंत ते फार लागलं हो.

तो ई सप्लायरकडूनच छापून येतो, सोनेरी शेडच्या सगळ्या पाकिटांवर तोच, मग आत नारुतोचा विग असो की एडवर्ड एलरिकचा, दोघेही जपानी कार्टूनमधले मुलगेच. शब्द मूळ फ्रेंच, पुरुषाला ई नाही, बाईला ई, हे तुमचं बरोबरच आहे आणि इंग्रजीतही बरेच जण तसं पाळतात. पण फ्रेंचमध्ये विग कोण घालतंय ते बघत नाहीत, नामाचं लिंग बघतात, आणि विगला ते म्हणतात पेरुक, स्त्रीलिंगी! म्हणजे सांजीच्या डोक्यावर असला तरी त्या विगला ई लागणारच. आपल्याकडे पण पिवळा विग, पिवळी बट, पिवळे केस, डोकं एकच ना. जपानीत तर सोनेरी केसांना किनपात्सु, तिथे बाई-बाप्या भानगडच नाही.

आणि विग मुलीचा नव्हताच. पुढची झुलपं मी स्वतः कापलीत, उजवा डोळा झाकेल अशी, कारण तुम्ही पाठवलेला फोटो दोन वर्षांच्या टाइमस्किपनंतरच्या, म्हणजे गोष्ट मध्येच दोन वर्षं पुढे उडी मारते त्यानंतरच्या, सांजीचा होता, आधीचा असता तर डावा झाकला असता. एवढं बघून कात्री चालवणारा माणूस कुठलाही विग उचलून देईल का, तुम्हीच सांगा. ट्रायलला या म्हणून मेसेज केलेला, तुम्ही आलात इव्हेंटच्या आदल्या रात्री, शटर ओढताना, आणि डोक्याला न लावताच घेऊन गेलात. परत आला तेव्हा मागून जेल थापलेलं होतं, तरी डिपॉझिट पूर्ण दिलं, एक शब्द बोललो नाही. आज बोलतोय कारण विषय तुम्ही काढलात.

बाकी स्टिकरचं बघतो, पुढच्या लॉटला जमलं तर नुसतं 'सोनेरी' लिहू, तो शब्द कोणासाठीच बदलत नाही. ट्रायलचंही काहीतरी नीट करू.

जमलं तर रिव्ह्यू एडिट करा मॅडम, कॉमिक कॉनच्या, म्हणजे पोरं अशा पात्रांच्या वेशात जातात त्या मेळ्यांच्या, सीझनवरच दुकानाचं वर्षाचं भाडं निघतं.