फ्रिजच्या नावाची मॅच

रेफ्रिजरेटर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या कॉलेज मॅचवरचा (सीझननंतरच्या अशा खास मॅचला तिकडे 'बोल गेम' म्हणतात) लेख वाचला, मस्त. खाली कमेंट्समध्ये सगळे नावावरूनच हसतायत, पण अहो इंडियानातलं इव्हान्सव्हिल तेव्हा फ्रिजवरच जगायचं ना, सर्व्हेल, सीगर, इंटरनॅशनल हार्वेस्टर या फ्रिज बनवणाऱ्या कंपन्या सगळ्या तिथेच, आणि पुढे हार्वेस्टरच्या झालेल्या कारखान्यात तर दुसऱ्या महायुद्धात पी-४७ लढाऊ विमानं बनायची, मग त्याच शेडमध्ये फ्रिज! मग गावच्या बोल गेमला दुसरं काय नाव देणार? १९४८ ची पहिली मॅच घरच्याच इव्हान्सव्हिल कॉलेजने मारली, मिझुरी व्हॅली कॉलेजला १३-७ ने हरवून, तीही एका हायस्कूलच्या टेकडीत बांधलेल्या स्टेडियमवर, डिसेंबरात! १९५६ नंतर खेळ खल्लास, आणि दोनेक वर्षांत सर्व्हेलनेही गाशा गुंडाळला. लेखात या कारखान्यांवर जेमतेम एक ओळ आहे, ते काही पटलं नाही बुवा.