अंधाऱ्या खोलीत कोंडून राग जात नाही

‘ऑटिझम असलेल्या मुलांचा हिंसक राग ७ दिवसांत बंद!’ हा मेसेज ठाण्यात माझ्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिला होता. आता तो ऐरोलीत माझ्या बहिणीला तिच्या सासूबाईंनीच पाठवलाय, खाली हात जोडून. तिचा मुलगा ९ वर्षांचा आहे आणि बोलत नाही. मेसेज म्हणतो: हा राग म्हणजे लाडावलेपणा, मूल मारायला लागलं की अंधाऱ्या खोलीत कोंडा, ताट भिरकावलं तर उपाशी ठेवा, मोबाईल बंद केला की ऑटिझमच जातो, डॉक्टरांची औषधं म्हणजे नुसती गुंगी.

कोंडण्याचंच आधी बघू, कारण यात मुलाला इजा होऊ शकते. गोंगाटाने आधीच बिथरलेलं मूल बंद खोलीत एकटं भिंतीवर डोकं आपटून घेतं, तेव्हा अडवायला कोण असतं? बरं, शिक्षा म्हणूनही हा प्रकार उलटाच पडतो. अभ्यासाची वही समोर आली, मूल चावलं, तुम्ही त्याला खोलीत टाकलं. म्हणजे वही टळली! त्याला तेच हवं होतं. उद्या वही दिसताच चावेल. दमल्यावर मूल आपणहून शांत कोपऱ्यात जाऊन बसतं, ते ठीक. बाहेरून कडी लावायची नाही.

आणि उपाशी ठेवा म्हणे! भाचा पोळी समोर आली की ताट उडवायचा, भात मात्र निमूट खायचा. सगळ्यांनी ‘नखरे’ म्हणून सोडून दिलं. स्पेशल एज्युकेटरनी बहिणीला वहीत तीन रकाने आखायला सांगितले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. पोळी, सफरचंद, चिक्की. चावायचं काही आलं की राग, आणि दर वेळी तळहात डाव्या गालावर. मागची दाढ किडली होती. ती भरल्यावर ताट उडणं थांबलं. या मेसेजचं ऐकलं असतं तर दुखऱ्या दाढेसाठी पोर उपाशी झोपलं असतं. मिक्सर लागला की तो अजूनही हात उगारतो, पण आता बहुतेकदा आधी कान झाकल्याचं चित्र आणून दाखवतो. मग मिक्सर बंद करायचा, लगेच, चटणी थांबते.

लाडावलेपणाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. मारल्यावर दर वेळी हवं ते मिळालं तर मारणं वाढतं. पण त्यावरचा उपाय आईला दोष देणं हा नाही, आईबापांना शिकवणं हा आहे. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली अमेरिकेतला अभ्यास छापून आलाय: ३ ते ७ वर्षांची १८० ऑटिस्टिक मुलं, २४ आठवडे. निम्म्या पालकांना वागणूक हाताळायचं प्रत्यक्ष प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना फक्त ऑटिझमची माहिती. चिडचिडीचा, पालकांनीच भरलेला स्कोअर पहिल्या गटात ४७.७ टक्के उतरला, दुसऱ्यात ३१.८. २४ आठवडे, ७ दिवस नव्हे.

मोबाईलने ऑटिझम होत नाही, त्यामुळे तो बंद करून जाणारही नाही. हातातून हिसकावला तर भडका मात्र नक्की. पाच मिनिटं आधी कल्पना द्या.

राहिली औषधं. रिस्पेरिडोन आणि ॲरिपिप्राझोल या दोन औषधांना अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी सरकारी संस्था) ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीसाठी २००६ आणि २००९ मध्ये मान्यता दिली. ती ऑटिझम घालवत नाहीत. वजन वाढतं, झोप येते, हेही खरं. म्हणून डॉक्टर डोस आणि वजन बघत राहतात. चालू गोळी मेसेज वाचून एकदम बंद करू नका, त्याने त्रास उलट वाढू शकतो. सासूबाईंना शंका असेल तर पुढच्या तपासणीला सोबत जावं आणि डॉक्टरांनाच विचारावं. बहिणीने त्यांना तसं सांगितलंय, त्या तयारही झाल्यात.