मेकॅनिकल कीबोर्ड आणि मनगटदुखी : एक खुलासा

‘मेकॅनिकल कीबोर्ड घ्या, मागचे पाय उभे करा, मनगट कधीच दुखणार नाही’ असा संदेश टंकलेखन करणाऱ्यांच्या गटांत फिरतो आहे. मेकॅनिकल म्हणजे प्रत्येक कळीखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असलेला कीबोर्ड. त्यातला कीबोर्डखालचे घडीचे पाय उभे करण्याचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे.

पाय उभे केले की कीबोर्डची मागची बाजू उचलली जाते आणि मनगट वरच्या बाजूला मोडते. तासन्‌तास लिहिणाऱ्याला नेमका तोच ताण नको असतो. पाय मिटवा. हाताची कोपरापासून बोटांपर्यंतची रेष शक्यतो सरळ राहू द्या. उंच मेकॅनिकल कीबोर्डला हे दुप्पट लागू आहे.

मेकॅनिकलचा फायदा खरा आहे, पण वेगळा. चेरी कंपनीच्या लाल स्विचला साधारण ४५ ग्रॅम दाब पुरतो. कळ एकूण ४ मिमी खाली जाते, अक्षर मात्र २ मिमीवरच उमटते. त्यामुळे तळापर्यंत ठोकायची गरज नाही. सवयीने ठोकतच राहिलात, तर महाग कीबोर्डही काही करू शकत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांनी शिफ्टची कळ आवर्जून तपासावी. इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींसाठीच्या प्रमाणित कळरचनेत ‘क’च्याच कळीवर शिफ्टने ‘ख’ येतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. म्हणजे करंगळीला सतत काम. ती कळ आखूड किंवा जड असेल तर तो कीबोर्ड, कितीही देखणा असो, घेऊ नका. मराठी अक्षरे छापलेला कीबोर्डच हवा, असेही नाही. इनस्क्रिप्ट विंडोजमध्येच असते.

दुखणे टिकून असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर दुकानात नाही, डॉक्टरांकडे जा.