‘हौस झाली, डिझाइन नव्हे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ या नावाने लिहिणाऱ्या तुम्हाला,

तुमची प्रतिक्रिया आली त्या दिवशीच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात लिहायचं नाही म्हणून उठले. तीन दिवस थांबले. तेवढ्यात तुमच्याखाली आणखी दोघातिघांनी ‘अगदी बरोबर’ लिहून टाकलं. आता गप्प बसले तर कबुली दिल्यासारखं होईल.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या काही वर्षांतली माझी कामं मी त्यात मांडली होती: हाताने शिवलेली चार पुस्तकं, काही प्रकाशनांची मांडणी, आणि दोन संस्थांची दृश्य-ओळख, म्हणजे बोधचिन्ह, अक्षरं, रंग, लेटरहेडपासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळं. त्यावर तुम्ही लिहिलंत:

‘लेख वाचला. ३० प्रती हाताने शिवणं ही हौस झाली, डिझाइन नव्हे. डिझाइन म्हणजे जे हजारोंच्या हातात पोचतं. दोन्ही ओळख-प्रकल्पांत प्रत्यक्ष वापराचा एकही फोटो नाही, सगळे मॉकअप आहेत. काम यशस्वी झालं हे कशावरून ठरवलं तेही कुठे सांगितलेलं नाही. जपानी शिवणीचं पुस्तक सपाट उघडतं हे चूक आहे. बाकी, अशा मंडळींना वेळ भरपूर असतो.’

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. जपानी शिवणीत दोरा कडेपासून थोडा आत, पानांच्या सगळ्या गठ्ठ्यातून आरपार जातो. त्यामुळे कण्याजवळची पट्टी आवळलेली राहते आणि पुस्तक सपाट पडत नाही. सपाट पडतं ते कॉप्टिक शिवणीचं, कारण त्यात प्रत्येक फर्मा, म्हणजे घडी घालून एकात एक बसवलेल्या कागदांचा जुडगा, घडीतून शिवलेला असतो आणि कण्यावर गोंद नसतो. दोन परिच्छेद एकत्र करताना माझं वाक्य भलत्या शिवणीला जाऊन चिकटलं. चूक माझी आहे आणि ती दाखवून दिलीत याबद्दल मनापासून आभार.

आता ती शेवटची ओळ. ‘अशा मंडळींना’ म्हणजे कोणत्या मंडळींना? मी तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही मला ओळखत नाही. माझा दिवस कसा जातो, हे तुम्हाला कसं कळलं? पुस्तकं मी रात्री शिवते. दिवसा ग्राहकांची कामं असतात, फाइली असतात, प्रुफं असतात, मुद्रकाचे फोन असतात. कुणाच्या कामावर टीका करावी, जरूर करावी, माझ्या शिक्षकांनी माझ्या कामाच्या चिंधड्या केल्या आहेत आणि मी त्यांची आजही ऋणी आहे. पण त्यांनी कामावर बोट ठेवलं. माझ्याकडे रिकामा वेळ आहे की नाही, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे असतीलही, पण अशा सुरात सांगितलेला मुद्दा ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतच नाही. हे तुम्हाला कळत नसेल असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त वाईट वाटलं.

राहिलं तुमचं दुसरं वाक्य. हौस झाली, डिझाइन नव्हे. या एका वाक्यासाठी मला थोडं मागे जावं लागेल.

कामाला लागून तीनच वर्षं झाली होती. एका संस्थेचं माहितीपुस्तक करत होते, प्रती ३,०००. मुखपृष्ठावर गडद निळा रंग होता, समोरून कण्यावरून वळून मागच्या पानापर्यंत अखंड. स्क्रीनवर मी तो शंभर वेळा पाहिला असेल. गठ्ठे आले, वरची प्रत उचलली, उघडली, मिटली, आणि कण्याच्या घडीवर निळ्यात पांढऱ्या भेगा दिसल्या. दुसरी प्रत तशीच, दहावी तशीच. कागद यंत्रावर तयार होतो तेव्हा त्याचे तंतू बहुतांशी एका दिशेने झोपतात, त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर घडी घातली तर ती स्वच्छ पडते. आडवी घातली की तंतू मोडतात, वरची शाई तडकते. आमच्या मुखपृष्ठाचा ग्रेन कण्याला आडवा गेला होता. मुद्रक म्हणाला, फाइलबरोबर ग्रेनची सूचनाच नव्हती. खरंच नव्हती. ग्रेन म्हणजे काय हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते आणि तरी ती ओळ माझ्याकडून लिहिली गेली नव्हती. त्या संस्थेने पुन्हा कधी मला बोलावलं नाही.

त्यानंतर दीड वर्ष दर शनिवारी मी एका वयस्क बाइंडरकडे जाऊन बसत होते. त्यांनी पहिल्या दिवशी काहीही शिकवलं नाही, फक्त कागद फाडायला दिले. ग्रेनच्या दिशेने फाडला तर फाट सरळ जाते, आडवा फाडला तर वाकडीतिकडी पळते. मग कागदाच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन कडा नखांच्या चिमटीत धरून ओढायला लावल्या: एक कड बरीचशी सरळ राहते, दुसरी लाटा धरते. सरळ राहणारी कड ग्रेनच्या दिशेची. खळ लावली की कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो, म्हणून पुठ्ठा, कापड, अस्तर, आतली पानं या सगळ्यांचा ग्रेन कण्याला समांतर हवा, नाहीतर वाळताना पुठ्ठा पिळवटतो. आज मुद्रकाकडे जाणाऱ्या माझ्या प्रत्येक फाइलबरोबर ग्रेनच्या दिशेचा बाण असतो. ही हौस आहे?

ज्या ३० प्रतींना तुम्ही हौस म्हणालात, त्यांचाच हिशोब देते. एका प्रतीत १६ पानांचे ६ फर्मे, म्हणजे ९६ पानं. प्रत्येक फर्म्याच्या घडीत ५ भोकं. एका प्रतीला ३०, तीस प्रतींना ९००. सगळी दाभणाने, पुठ्ठ्याचा साचा घडीत बसवून. दोऱ्यावरून मेण फिरवायचं, एका फर्म्यातून आत, बाहेर, आत, बाहेर, टोकाला आलं की खालच्या फर्म्याच्या टाक्यात अडकवून गाठ आवळायची आणि वरचा फर्मा घ्यायचा. गाठ सैल राहिली तर पुस्तक लुळं पडतं. जास्त ओढली तर ओला नसलेला कागदही भोकापासून फाटतो. सातव्या प्रतीला दोरा ओढताना हात थांबायला शिकला.

बाराव्या प्रतीला आणखी एक गोष्ट लक्षात आली. १६ पानांच्या फर्म्यात चार कागद एकात एक घडी घालून बसतात. कागदाला जाडी असते, त्यामुळे सगळ्यात आतला कागद बाहेरच्या कडेला थोडा पुढे डोकावतो. कड कापली की आतल्या पानांचा बाहेरचा समास बाहेरच्या पानांपेक्षा कमी उरतो. छपाईवाले याला क्रीप म्हणतात. शब्द मला माहीत होता. पण मिलिमीटरभर कमी झालेला समास अंगठ्याखाली कसा खटकतो, मजकूर कडेवरून सांडल्यासारखा कसा वाटतो, हे त्या प्रतीने सांगितलं. पुढे एका नियतकालिकाचं काम आलं, प्रती २,०००. तिथे मी आतला कागद पातळ निवडला आणि मुद्रकाला पानं लावतानाच क्रीपची भरपाई करायला सांगितली. त्या दोन हजार वाचकांना त्यातलं काही दिसलं नसेल, दिसायलाही नको. पण तुमचे ते ‘हजारो हात’ त्या ३० प्रतींमधूनच गेले आहेत, हे मी तुम्हाला कसं समजावू?

ओळख-प्रकल्पाचंही तेच. एका संस्थेच्या नावात मात्रा, रफार आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात. बोधचिन्हात मी ती बारीक, नाजूक काढली होती, स्क्रीनवर देखणी दिसत होती. मग त्यांच्या वार्षिक अहवालाच्या कापडी मुखपृष्ठावर ते चिन्ह दाबून उठवायचं ठरलं. नमुन्यासाठी मी स्वतः पुठ्ठ्यावर कापड चढवलं आणि धातूचा ठसा करून घेऊन तो त्यावर दाबला. मात्रा आणि रफार यांच्यातली फट बुजून गेली आणि अनुस्वाराचा नुसता फुगवटा उरला. मी अक्षरं पुन्हा काढली. फटी मोकळ्या केल्या, अनुस्वार मोठा करून उजवीकडे सरकवला, शिरोरेषा किंचित जाड केली. तेच चिन्ह आज त्यांच्या रबरी शिक्क्यावर, नखाएवढ्या आकारातही वाचता येतं. ती दुरुस्ती मला स्क्रीनने सुचवली नव्हती.

आणि संख्येबद्दल बोलायचंच असेल तर बोलू. तीस प्रतींत डिझाइन नसतं, तर ते कितव्या प्रतीपासून सुरू होतं? पाचशे? हजार? युरोपात सुट्या खिळ्यांनी छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गच्या बायबलच्या अंदाजे १८० प्रती छापल्या गेल्या असं अभ्यासक मानतात. इंग्लंडचे डिझायनर विल्यम मॉरिस यांनी १८९१ मध्ये केल्म्स्कॉट प्रेस सुरू केला, हातयंत्रावर छापायला, स्वतः काढलेल्या अक्षरांत. १८९६ मध्ये त्यांनी चॉसर या जुन्या इंग्रजी कवीचं समग्र साहित्य काढलं, कागदावरच्या प्रती ४२५ आणि चर्मपत्रावरच्या १३. अक्षर, कागद, समास, शाई यांचा एकत्र विचार करणाऱ्या खासगी छापखान्यांची चळवळ त्यातून उभी राहिली. त्याच चळवळीतले कॉब्डन-सँडरसन तर पेशाने वकील, चाळिशी उलटल्यावर पुस्तकबांधणी शिकले, आणि १९०० मध्ये एमरी वॉकर यांच्याबरोबर डव्हज प्रेस काढला. त्यांनाही कुणीतरी तुमच्यासारखंच हौशी म्हटलं असेल. त्या छापखान्याचं अक्षर आजही टायपोग्राफीच्या वर्गात दाखवलं जातं.

हे जुनं झालं म्हणाल. मग नेदरलँड्सच्या पुस्तक-डिझायनर इर्मा बोम यांच्याकडे पाहा. त्यांची पुस्तकं कारखान्यात छापली जातात, हाताने शिवलेली नसतात, हे मला ठाऊक आहे, तुम्ही सांगण्याआधीच सांगते. पण पुस्तक करताना त्या आधी त्याच्या हातात मावतील एवढ्या छोट्या प्रतिकृती करतात. १९९६ मध्ये पूर्ण झालेलं त्यांचं २,१३६ पानांचं पुस्तक पाच वर्षं चाललं होतं. पाच वर्षं! त्यांनाही वेळ भरपूर असेल, नाही का?

बांधणी हा डिझाइनचा भागच नाही असं तुम्हाला वाटत असावं, नाहीतर ‘शिवणं’ आणि ‘डिझाइन’ ही दोन टोकं तुम्ही अशी वेगळी केली नसतीत. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी मास्सिमो विग्नेल्ली आणि बॉब नूर्डा या डिझायनरांनी केलेली १९७० ची नियमावली आठवा. अक्षर कोणतं, बाण कसा, रंग कोणता, सगळं त्यात होतं, आणि ती होती रिंग बाइंडरमध्ये. नियम बदलला की तेवढंच पान काढून नवं लावता येतं. तीच पानं गोंदाने चिकटवली असती तर पहिल्या बदलालाच आख्खं पुस्तक शिळं झालं असतं. पान कसं धरून ठेवायचं हा निर्णय तिथे ओळख-प्रकल्पाच्या आतला आहे. दृश्य-ओळखीचं काम करणाऱ्या माणसाला बांधणी कळू नये, असं म्हणणाऱ्याशी मी काय बोलणार?

तुम्ही कधी दाभण हातात धरला आहे का? हा प्रश्न विचारायचा नाही असं ठरवलं होतं, पण विचारते. धरला असता तर ते वाक्य तुमच्याकडून लिहिलं गेलं नसतं असं मला खात्रीने वाटतं.

मॉकअपबद्दल, म्हणजे संगणकावर तयार केलेल्या नमुना-चित्रांबद्दल म्हणाल, तर या क्षेत्रात सगळेच मॉकअप दाखवतात. ग्राहकाच्या जागेत कॅमेरा घेऊन जाणं दर वेळी जमतं असं नाही, आणि त्यावरून काम झालंच नाही असं कुणी सुचवू नये. यश कशावरून ठरवलं, हा मोठा विषय आहे, इथे नको. दोनपैकी एका संस्थेने पुढच्या वर्षाचं काम पुन्हा माझ्याकडेच दिलं, मला तेवढं पुरे आहे.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. शेवटच्या ओळीसकट ती तशीच राहील. जपानी शिवणीचं वाक्य मूळ लेखात आडवी रेघ मारून ठेवलं आहे, शेजारी बरोबर वाक्य आणि दुरुस्तीची तारीख लिहिली आहे, आणि ‘चूक दाखवणारे: एक वाचक’ असंही. खरं नाव कळवलंत तर तिथे तेच घालीन.