पिल्लाला थेट स्विमिंग पूलमध्ये सोडण्याबाबत खुलासा

‘कुत्र्याला जन्मतःच पोहता येते, पिल्लाला एकदा पाण्यात टाका, ते आपोआप शिकेल’ असा संदेश पुण्यातील श्वानपालकांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आणि धोकादायक आहे. पाण्यात पाय मारणे ही सहजप्रवृत्ती असली, तरी तेवढ्याने शरीर तरंगत राहीलच असे नाही, आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर नाक पाण्याबाहेर ठेवणेच कठीण जाते. पोहू शकणारे पिल्लूही बुडते, कारण गुळगुळीत काठावर त्याचे पंजे टिकत नाहीत आणि पायऱ्या कोणत्या बाजूला आहेत हे त्याला ठाऊक नसते. म्हणून पहिला धडा पोहण्याचा नव्हे, बाहेर पडण्याचा असावा. पिल्लाला पाठीवर मूठ असलेले लाइफ जॅकेट घालून, मालकाने स्वतः पाण्यात उतरून, त्याला पहिल्या पायरीवर उभे करावे आणि तिथूनच वर चढण्याचा सराव पुन्हा पुन्हा करून घ्यावा. ते मागे सरकले, तर त्या दिवशी थांबावे. डिसेंबर-जानेवारीत बंगल्याच्या आवारातील उघडे पाणी पिल्लासाठी फारच गार असते. तेव्हा उन्हाळ्याची वाट पाहिलेली बरी. पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे आच्छादन हे संरक्षण नव्हे. पिल्लू त्याखाली अडकू शकते, त्यामुळे पूलभोवती बंद फाटकाचे कुंपणच हवे.